जोडीची टांग

तुम्ही खोटं बोलताय. डुकराच्या त्या दोन टांगा तुम्ही जाळलेल्या नाहीत.

तुमच्या मांस तपासणी कार्यालयातली काचेमागची पोरगी मला दर खेपेला एकच सांगते: नियमाप्रमाणे नष्ट केल्या, मावशी, आता घरी जा. तिचा दोष नाही. तिला जे पढवलंय ते ती बोलते. पण तुम्ही स्वतः आमच्या माळ्यावर उभे होता. तुम्ही हात लावलात. हात लावल्यावर तुमचं तोंड कसं झालं ते मी बघितलंय. तेव्हा मला ‘नष्ट’ सांगू नका.

मी भुताखेतांतली बाई नाही. चर्चमध्येसुद्धा मी मागच्या बाकावर बसते, पाद्र्याचं लांबलं तर सटकता यावं म्हणून. मांस सडतं त्याला कारण असतं. वारा दमट झाला, मीठ कमी पडलं, नाहीतर शिरेत रक्त राहिलं. याच्यापलीकडचं कारण आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

दिनाराच्या डोंगरावरून कोरडा वारा सुटला की आमच्या गावात डुकरं कापतात. मागच्या टांगा खारवायच्या, दगडांखाली दाबायच्या, धुरावर धरायच्या आणि माळ्यावर वाऱ्याला टांगायच्या. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांचा प्रशुत होतो. त्याचे कागदासारखे पातळ काप पाहुण्यापुढे ठेवले की पाहुणा डोळे मिटून ‘वा’ म्हणतो. त्याला शेवट दिसतो. सुरुवात माझ्या वाट्याला येते.

आमच्या घरात कामं वाटलेली आहेत. माझा धाकटा दीर शिमुन कापतो. माझा नवरा येर्को धरतो. आणि शीर दाबायचं काम माझं. टांग दगडी ओट्यावर आतली बाजू वर करून ठेवायची. मांडीच्या कापलेल्या तोंडाशी मोठ्या शिरेचं भोक दिसतं, गोगलगायीच्या तोंडासारखं. घोट्यापासून अंगठा टेकवायचा, गुडघ्यामागून सरकवत वर आणायचा, की त्या भोकातून काळं, गोठलेलं रक्त जेलीसारखं बाहेर येतं. ते फडक्याने पुसायचं आणि परत खालून सुरू करायचं, भोकातून नुसतं पाणी येईपर्यंत. नखात जे बसतं ते चार दिवस निघत नाही. व्हिनेगरने हात धुतले तरी भाकरीला तो वास येतो. थेंबभर राहिलं तर टांग हाडापासून सडते, वरून छान दिसते, आणि कापली की आत हिरवट मलई.

येर्कोचं धरणंसुद्धा नुसतं धरणं नव्हतं. शिमुनने गळ्यात सुरी घातली की येर्को मागे गुडघ्यावर बसायचा आणि डुकराच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं दाबून ठेवायचा. तिथे शीर उडत असते. ती उडायची थांबली की तो म्हणायचा, “थांबलं.” तोवर कुणी अंगाला दुसरी सुरी लावायची नाही, गरम पाणी ओतायचं नाही. त्याचा बाप हेच करायचा, बापाचा बापही. जिवंत अंगावर काम नको, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

त्या डिसेंबरात वारा इतका बोचरा होता की बादलीतल्या पाण्यावर साय धरत होती. शेवटचं डुक्कर मोठं होतं. येर्को बोटं लावून बसला होता आणि एकदम त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला. तो ओरडून मागे बुडावर पडला आणि पाय चोळत बसला. शिमुन पोट धरून हसला. मरतंय डुक्कर आणि केकाटतो हा, असं काहीतरी म्हणाला, आणि थंडीत वाट कशाला बघायची म्हणून गरम पाण्याची बादली ओतून मोकळा झाला. मी चुलीत लाकडं सारत होते.

‘थांबलं’ कुणी म्हटलं नाही. तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाबायला बसले. बाकीच्या टांगा नेहमीसारख्या रिकाम्या झाल्या. त्या डुकराची उजवी झाली. डावी होईना. अंगठा वर नेला की भोकातून रक्त यायचं, पुसलं की परत भरायचं. आणि ते काळं नव्हतं. लाल होतं, पातळ, आणि ओट्याचा दगड बर्फासारखा असताना माझ्या अंगठ्याला कोमट लागत होतं. एका टांगेत मावेल त्याच्यापेक्षा जास्त फडकी भिजली.  इतकी वर्षं हे काम करून पहिल्यांदाच मी ओट्यामागे जाऊन ओकले.

शिमुन म्हणाला, “वहिनी, फेकून दे. कुत्र्यालाही घालू नको.”

येर्को ऐकेना. ती टांग सगळ्यांत देखणी होती आणि पुढच्या वर्षी नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला कापायची असं त्याने लेकीला सांगून टाकलं होतं. आमच्या घरातून आजवर एकही टांग फेकली गेलेली नाही, म्हणाला, मीठ लावत राहा, मीठ सगळं ओढून घेतं. मग मी मीठ लावत राहिले. टांगा उलटायच्या दिवशी बाकीच्यांचं मीठ करडं, ओलसर झालेलं असायचं. हिचं गुलाबी असायचं, शिजवलेल्या भातात बीट कालवल्यासारखं. मी ते खरवडून काढायचे, पुन्हा घोट्यापासून अंगठा लावायचे आणि पुन्हा फडकी भिजवायचे.

नाताळच्या सकाळी चर्चला जाताना येर्को पहिल्यांदा वाटेत थांबला. पोटरी आवळतेय म्हणाला. जरा उभा राहिला की बरं वाटायचं, चालला की परत आवळायची. लोकांना कळू नये म्हणून तो कुणाच्या तरी बागेकडे बघत असल्यासारखा उभा राहायचा. शिमुनने बरोबर पकडलं. भर रस्त्यात म्हणाला, “काय रे, गावातल्या एकूणएक कोबीला नमस्कार करत चाललास? येशू वधस्तंभ घेऊन निघाला तोसुद्धा तीनदाच थांबला होता.” सगळे हसले. येर्कोही हसला. मी हसले नाही, कारण घरी त्याचा मोजा काढताना मला त्याचा पाय लागला होता. ओट्यावरच्या दगडासारखा थंडगार.

मग अंगठा निळा झाला. मग जांभळा. तळव्याला भेग पडली ती भरेना, आणि तिच्यातून जे यायला लागलं त्याचा वास मी डोळे बांधूनही ओळखला असता. मला तो वास वेगळ्या ठिकाणी ठाऊक होता. हाडापासून सडलेल्या टांगेचा, गोडसर, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. पट्टी बदलताना मी तोंडाने श्वास घ्यायचे, तर तो चवीला लागायचा.

किनाऱ्यावरच्या शहरातल्या इस्पितळात बुलात नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत. हळू बोलतात, पण गोड बोलत नाहीत. त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला बोटं लावली, मग घोट्यामागे, मग गुडघ्यामागच्या खळग्यात. पेनासारखं एक यंत्र टेकवलं. उजव्या पायावर ते फुस् फुस् करत होतं. डाव्यावर नुसती खरखर. मग त्याला आत नेऊन शिरेत औषध सोडून चित्र काढलं आणि मला पडद्यासमोर बसवलं. मांडीतून मोठी धमनी पांढऱ्या नदीसारखी उतरत होती. गुडघ्यामागे तिच्या तीन फांद्या फुटतात, बाई म्हणाल्या, एक पुढून पावलावर येते, एक घोट्यामागून तळव्यात जाते, एक बाहेरच्या बारीक हाडाला धरून उतरते. उजव्या पायात तिन्ही दिसत होत्या. डाव्यात गुडघ्याखाली काळोख.

मी विचारलं, गुठळी आहे का. येर्को ओढत असलेल्या सिगारेटींबद्दलही मीच सांगून टाकलं.

बाईंनी पडद्यावरच्या त्या काळोखावर बोट ठेवलं. “तीच तर गंमत आहे,” त्या म्हणाल्या, आणि गंमत हा शब्द त्यांना आवडला नाही हे मला दिसलं. “गुठळी नाही. चुना धरलेला नाही. शीर आतून स्वच्छ आहे. पण रिकामी आहे. कुणीतरी खालून अंगठा लावून, दाबत दाबत वर नेऊन, पुसून ठेवल्यासारखी.”

माझा हात मांडीवर होता. नखात अजून लाल होतं. मी तो हात कोटाच्या खिशात घातला.

घरी आल्यावर मी घोड्याच्या हाडाची सुई घेऊन माळ्यावर गेले. ती तुम्हाला माहीतच आहे. टांगेत शिरेजवळ खुपसायची, काढायची आणि लगेच नाकाशी न्यायची. हाड वास चटकन धरतं आणि चटकन सोडतं, म्हणून सडलेलं कापायच्या आधी कळतं. दुपार होती, झरोक्यातून ऊन येत होतं, वारा शिट्ट्या घालत होता. ती टांग आपल्या जोडीच्या उजव्या टांगेशेजारी टांगलेली होती. उजवी आटून कडक झाली होती. डावी तशीच, गुबगुबीत, कातडीवर घामासारखी ओल. मी सुई खुपसली आणि हुंगली.

तंबाखू. येर्को ओढतो तीच, स्वस्तातली. तिच्याखाली कापूर, त्याच्या पायाला मी चोळते त्या मलमाचा. आणि त्याच्याखाली पट्टीतला तो गोडसर वास.

मी खाली आले आणि येर्कोला सांगितलं. वाटलं, हा हसेल. हा हसला नाही. काठी घेऊन एकेक पायरी बसत, उठत वर चढला. टांगेच्या आतल्या बाजूला दोन बोटं दाबून उभा राहिला, डुकरापाशी राहायचा तसा. चेहरा मेणासारखा झाला. मग त्याने दुसऱ्या हाताचं मनगट पुढे केलं आणि म्हणाला, बघ. मी एका हाताने त्याची नाडी धरली, दुसऱ्या हाताची बोटं टांगेवर ठेवली. दोन्ही एकदमच उडत होत्या.

मी म्हटलं, “मग म्हण ना. म्हण थांबलं. त्या दिवशी राहून गेलं ते आता म्हण.”

“खोटं कसं म्हणू?” येर्को म्हणाला. “चालू आहे.”

मग आम्ही काय करायचं ते ठरवलं, आणि ते सोपं होतं. काहीच करायचं नाही. मी तिला अंगठा लावायचा बंद केला. मीठ नाही, दगड नाही, धूर नाही. तिला वाऱ्याच्या आड सरकवलं, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ वावरावं तसं तिच्याजवळ वावरायला लागले. शिमुनला माळ्यावर यायला बंदी केली. तो म्हणाला, वहिनी, वर यार ठेवलायस का. मी म्हटलं, हो, तुझ्यापेक्षा कमी बोलतो.

आणि पाय ऊब धरायला लागला. आधी गुडघ्याखाली, मग पोटरीला, मग एका सकाळी घोटा माझ्या हाताला माणसाच्या घोट्यासारखा लागला. भेगेतून यायचं ते थांबलं, कडेने गुलाबी मांस धरलं. इस्पितळात बाईंनी ते पेन घोट्यामागे टेकवलं आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो. फुस्. फुस्. बारीक होतं, पण होतं. बाई म्हणाल्या, अंगठ्याचं टोक जाईल, पाय राहील. कसं काय, ते मला विचारू नका, असंही म्हणाल्या. येर्को घरी येताना वाटेत कोबीच्या वाफ्यापाशी मुद्दाम थांबला आणि टोपी काढून नमस्कार केला.

ईस्टरच्या आधी तुम्ही आलात.

दरवर्षी येता, त्याची तक्रार नाही. निळे मोजे हातात घालून तुम्ही माळाभर फिरलात, तुमचा माणूस मागे पिशव्या घेऊन. तुम्ही त्या टांगेशी थांबलात. तुम्हाला थांबावंच लागलं, सगळ्या वाळलेल्यांत ती एकटी ताजी होती.

“मावशी, ही दाबलीच नाही. रक्त तसंच ठेवलंय.”

मी म्हटलं, दाबू नका.

“का?”

काय सांगणार होते? जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, मालकाची आहे.

तुम्ही हसलात. “सगळ्या मालकाच्याच असतात, मावशी.”

मी तुमचं मनगट धरलं. ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या माणसाने मला बाजूला केलं, उगाच तमाशा नको म्हणाला. तुम्ही घोट्याशी अंगठा टेकवलात. नियमाप्रमाणे. खालून वर.

रक्त ठिबकलं नाही, उडालं. तुमच्या बुटांवर आलं. लाल.

खाली स्वयंपाकघरात येर्कोचं स्टूल पडल्याचा आवाज झाला.

तुम्ही दुसऱ्यांदा दाबलंत. तेव्हा तुमचा अंगठा गुडघ्यामागे थबकला. तुम्हाला ते उडताना लागलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग अंगठ्याकडे. मोजा घातलेला असूनही तुम्ही तो विजारीला पुसलात.

आणि मग तिसऱ्यांदा दाबलंत. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. कळल्यावर दाबलंत. थेट वरपर्यंत, सावकाश, बघत बघत.

मग म्हणालात, “पिशवीत घाल. जोडीची पण घे.”

येर्कोचा डावा पाय त्याच आठवड्यात गुडघ्याखाली कापला. बुलात बाई मला कापलेल्या भागाबद्दल सांगायला बाहेर आल्या. मी म्हटलं, एक थेंब निघाला नसेल. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

पाय गेला. एक गेला, एक उरला, असं म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. येर्को रडलासुद्धा नाही. उरलेल्या पायावर कुबडी घेऊन अंगणात फिरायला शिकला. नातीला त्या पायावर बसवून झोके देतो. त्या पायावर त्याचं सगळं आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी मी तुतीच्या झाडाखाली त्याचा उजवा पाय कोमट पाण्यात धूत होते. घोट्याच्या आतल्या बाजूला एक खळगा पडला. अंगठ्याएवढा. मी बोट लावलेलं नव्हतं.

खळगा हलला. पोटरीवरून वर सरकत गेला, आणि त्याच्या मागे कातडी चपटी, पांढरी होत गेली. गुडघ्यामागे पोचला आणि विरला. मी ओणवी होऊन बघितलं. दाबलेल्या जागी कातडीवर अंगठ्याच्या रेषा उमटायला हव्यात. नव्हत्या. रबरी मोज्याची गुळगुळीत खूण होती.

थोड्या वेळाने परत घोट्यापासून सुरू झालं. या वेळी खळगा जास्त रुंद होता. दाब जास्त, पण वेडावाकडा. शिरेवरून घसरून हाडावर गेला, परत आला. त्याच्यानंतर एक बारीक आला, नाजूक, भित्रा. अर्ध्यात थांबला. पुन्हा टेकला, जसं कुणीतरी शेजारी उभं राहून सांगतंय, घाबरू नकोस, इथे, इथून धर.

इतकी वर्षं मी दाबत आले. शिकाऊ हात कसा असतो ते मला कळतं. येर्कोलाही कळलं. तो पायाकडे बघत बसला होता, ओठ पांढरे पडले होते.

“रोज वेगळा असतो,” तो म्हणाला. “तुला सांगितलं नव्हतं.”

नात त्याच्या मांडीवरून उतरून पायाशी आली आणि त्या खळग्याच्या मागे मागे आपलं बोट फिरवायला लागली. तिला तो खेळ वाटतोय.

डाव्या टांगेला पाय उरला नाही, आता तिच्या जोडीची उजवी भरायला लागली असणार. कधीच रिकामी न होणारी टांग. नवीन लोकांना शिकवायला याच्याइतकं सोयीचं काय असणार? सकाळी भरते, पुसलं की परत भरते. तुम्ही जाळलेली नाही. तुम्ही ती कुठेतरी पांढऱ्या फरशीच्या खोलीत ओट्यावर ठेवलीय, आणि तिच्याभोवती पोरं निळे मोजे घालून उभी आहेत.

काल पाऊल गार लागलं. बुलात बाईंकडे परवा जायचंय.

मी भरपाई मागत नाही. माफीही मागत नाही. मला एवढंच सांगा, तुमच्या त्या ओट्यापाशी रांगेत अजून किती जण उभे आहेत?